दमलेल्या दिवसाच्या तीन ओळी

काही आठवडे असे येतात की त्यांतील दिवस एकमेकांपासून वेगळे ओळखूच येत नाहीत. मार्चअखेरचे हिशेब, मुलांच्या परीक्षा, घरातील आजारपण यांत गुंतलेला माणूस शनिवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हा मधले दिवस कसे सरले हे त्याला सांगता येत नाही. अशा आठवड्यात रोज एक हायकू लिहावा, हे सुचविणे प्रथमदर्शनी थट्टेसारखे वाटेल. परंतु हायकूला निवांतपणाच लागतो असे नाही, याची साक्ष त्याच्या इतिहासातच आहे.

‘हायकू’ हे नाव रूढ करणारे जपानी कवी मासाओका शिकी (१८६७-१९०२) वृत्तपत्रात काम करीत. क्षयाने त्यांच्या पाठीचा कणा पोखरला आणि अखेरची वर्षे टोकियोतील घरी अंथरुणावर गेली. १९०२ च्या मे महिन्यात ‘निप्पोन’ दैनिकात त्यांची लेखमाला सुरू झाली. तिच्या नावाचा अर्थ ‘सहा फुटांची रुग्णशय्या’. तिचे १२७ भाग प्रसिद्ध झाले. शेवटचा, मृत्यूच्या दोन दिवस आधी. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी तीन हायकू लिहिले. विषय होता अंगणातील घोसाळ्याचा वेल, ज्याचा रस तेव्हा कफावर औषध म्हणून देत. दिसते तसे रेखाटावे, हा त्यांचा आग्रह होता. थकलेल्या माणसाला तोच सोयीचा आहे, कारण त्यात कल्पना लढवावी लागत नाही. समोर आहे ते पाहावे लागते.

मराठीत हायकू रुजविला तो शिरीष पै यांनी. त्यांनी जपानी हायकूंचे अनुवाद केले आणि स्वतंत्र हायकूही लिहिले. जपानीतील पाच-सात-पाच ही मोजणी मराठीत काटेकोरपणे पाळलीच जाते असे नाही. तीन छोट्या ओळी आणि एक क्षण पुरतो.

दिवा मालविण्यापूर्वीची पाच मिनिटे त्यासाठी राखावीत. ‘आज फार दमणूक झाली’ हे विधान झाले, हायकू नव्हे. त्याऐवजी असे लिहिता येईल :

मिटले डोळे
हिशेबाच्या वहीत
कोरा रकाना

येथे थकव्याचा उच्चारही नाही, तरी तो जाणवतो. आणि हे लिहिण्यासाठी त्या रकान्याकडे क्षणभर पाहावे लागते. त्या क्षणापुरते काम बाजूला राहते.

एखाद्या रात्री दोनच ओळी सुचतील. त्या तशाच ठेवाव्यात. शनिवारी वहीतील सहा-सात हायकूंपैकी बहुतेक सामान्य निघतील. त्याने बिघडत नाही. ती पाने चाळताना मंगळवार हा मंगळवार म्हणून आठवेल, आणि बुधवारी दुधाच्या पातेल्यावर कवडसा पडला होता, हेही.