बशीतला पहिला आठवडा

कृत्रिम रेतन आता गावोगाव रुळलं आहे. भ्रूण प्रत्यारोपणाचं मात्र अजून कुतूहल आहे, आणि जाहिरातीही जोरात आहेत. जातिवंत गाईच्या अंडाशयातून सुईने बीजांडं काढायची, प्रयोगशाळेतल्या बशीत फलित करायची आणि साधारण 7व्या दिवशी भ्रूण दुसऱ्या, साध्या गाईच्या गर्भाशयात सोडायचा. वासराची जनुकं दात्या गाईची आणि वळूची. पोटात वाढवणाऱ्या गाईची नव्हेत.

पण तो पहिला आठवडा बशीत गेल्याने काही बिघडतं का? कधीकधी बिघडतं. जनुकं तीच राहतात. मात्र कोणतं जनुक चालू ठेवायचं नि कोणतं बंद, याच्या रासायनिक खुणा याच दिवसांत नव्याने उमटू लागतात. पूर्वी भ्रूण वाढवायच्या द्रावणात सीरम सर्रास घालत. त्यातून काही वासरं अवाढव्य निपजत, गाय विताना अडे, वासरू दगावे. सीरमविना द्रावणं आल्यावर हे प्रकार घटले, संपले नाहीत.

आणि दूध? इथे हमखास गफलत होते. अशी कालवड पुढे जास्त दूध देते, ती मुळात आईबाप निवडून घेतलेले असतात म्हणून. श्रेय बशीला कशाला? आनुवंशिक गुणवत्तेचा हा फायदा वजा केला, की होल्स्टीन गाईंमध्ये कृत्रिम रेतनाच्या कालवडींशी फरक सहसा किरकोळच उरतो.

तेव्हा भ्रूण विकत घेताना आधी दात्या गाईच्या प्रत्येक वेताच्या दुधाच्या नोंदी आणि वळूची वंशावळ मागा.