साच्याला स्वतःची भाषा हवी काय?

शाळेतून येणारे निकालपत्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मजकूर ठरलेला, नावाची व गुणांची जागा तेवढी मोकळी. संगणकाच्या व्यवहारात अशा मजकुरास साचा म्हणतात. परंतु मुलगा ‘उत्तीर्ण झाला’, तर मुलगी ‘उत्तीर्ण झाली’. कोणाचे विषय सहा, कोणाचे आठ. म्हणजे साच्यात ‘जर-तर’ आले, एकच ओळ पुनःपुन्हा छापणेही आले. मग त्यासाठी संगणकाची पूर्ण भाषा वापरावी, की निराळी सोपी भाषा घडवावी?

पूर्ण भाषेचा पक्ष दुबळा नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पीएचपी’मध्ये पानाच्या मजकुरातच आज्ञा लिहिता येतात, दुसरी भाषा शिकावी लागत नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राचे. तेथे जन्मलेली ‘जँगो’ ही प्रणाली २००५ साली सर्वांस खुली झाली. पानांची मांडणी करणाराला आज्ञावली लिहिता येईलच असे नाही, हे ध्यानात घेऊन तिची साच्याची भाषा हेतुतः तोकडी ठेवली होती. आरंभी तिच्या ‘जर’मध्ये दोन संख्यांची तुलनाही करता येत नसे, २०१० साली ती सोय द्यावी लागली. छोटी भाषा अशीच वाढत जाते, आणि वाढता वाढता मोठ्या भाषेची ओबडधोबड नक्कल होण्याचा धोका असतो.

तरीही काही ठिकाणी तिच्यावाचून गत्यंतर नाही. ‘शॉपिफाय’ या कंपनीच्या संगणकांवर असंख्य व्यापारी आपापली दुकाने मांडतात. त्यांच्या साच्यांना पूर्ण भाषेची मोकळीक दिली, तर एखादा दुष्ट साचा इतरांचे दप्तरही उघडील. म्हणून २००६ पासून तेथे ‘लिक्विड’ ही मर्यादित भाषा वापरली जाते.

तेव्हा प्रथम विचारावे ते हे, की साचा लिहिणार कोण? आज्ञावलीकार स्वतःच लिहिणार असेल, तर दुसरी भाषा हे ओझेच. परक्याच्या हाती द्यावयाचा असेल, तर ती कुंपणाचे काम करते.

मात्र कोणत्याही भाषेत एक पथ्य पाळावे. उत्तीर्ण कोण, हा निर्णय साच्याबाहेर एकदाच व्हावा. साच्याने तो केवळ छापावा. पस्तीस गुणांचा नियम निकालपत्राच्या साच्यात एक आणि पालकांच्या पत्रात दुसरा झाला, तर तेच मूल एका कागदावर उत्तीर्ण आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण ठरेल.