फुटव्याबरोबर काय जाते?

घरातल्या ऑर्किडच्या पानावर पिवळसर, मग काळपट चट्टे दिसू लागले की बहुतेक जण आधी पाणी कमी करतात, मग वाढवतात, मग कुंडीची जागा बदलतात. कुणी जाणकार भेटलाच, तर तो पान उलटसुलट करून म्हणतो, 'व्हायरस असू शकेल.' खरा पेच या 'असू शकेल'पाशी सुरू होतो. झाड मरत नसते. पुढच्या हंगामात ते कदाचित फुलेलही. इलाज मात्र नाही. मग ते ठेवावे की टाकावे? प्रश्न एका कुंडीचा वाटतो, पण जरा खोलात गेले की तो झाडे वाढवण्याच्या आणि वाटण्याच्या आपल्या रीतीपर्यंत पोचतो.

ऑर्किडला आपल्याकडे आमरी म्हणतात. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर लोंबणारी 'सीतेची वेणी' याच कुळातली. फुलवाल्याकडून भेट म्हणून येणाऱ्या फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया यांतल्या बहुतेक मात्र माणसाने घडवलेल्या संकरित जाती. या लागवडीतल्या आमरींमध्ये जगभर दोन विषाणू सर्वाधिक आढळतात : सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट. दोहोंची पहिली शास्त्रीय वर्णने १९५०च्या सुमारास कॅलिफोर्नियात झाली. नावांवरून फसू नये. ज्या आमरीत ते प्रथम ओळखले गेले तिचे नाव त्यांना चिकटले, इतकेच. सिंबिडियम मोझॅक व्हॅनिलाच्या वेलावरही येतो, आणि व्हॅनिला हीदेखील आमरीच. ती फाटे लावून वाढवतात, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या शेतकऱ्याला विषाणू नवा नाही. भेंडीवरचा हळद्या पांढरी माशी पसरवते, पपईवरचा रिंगस्पॉट मावा पसरवतो. केळीचा पर्णगुच्छ मावा पसरवतो, तसाच तो रोगट मुनव्याबरोबर नव्या बागेत पोचतो. आमरीच्या या दोन विषाणूंना मात्र कुणी कीटक वाहक असल्याचे आढळलेले नाही. (कोळ्यांमार्फत पसरणारा एक तिसरा विषाणू आमरीवर येतो, पण तो वेगळा.) मग हे दोघे हिंडतात कसे? रसातून. रोगट झाडाचा फुलदांडा ज्या कात्रीने कापला तीच कात्री दुसऱ्या झाडाला लावली की काम झाले. वापरलेली कुंडी, नारळाच्या सोडणाचे जुने तुकडे, वरच्या टोपलीतून खालच्या कुंडीत ठिबकणारे पाणी, झाड सोडवताना रसाने भिजलेली बोटे, एवढे पुरते. रिंगस्पॉटचा विषाणू तर तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा जवळचा नातेवाईक. तंबाखू मळलेल्या हातांनी मिरची-टोमॅटोच्या रोपांना शिवू नये असे सांगतात, त्यामागचे कारणही हेच. या घराण्याचे विषाणू वाळलेल्या पानातसुद्धा दीर्घकाळ तग धरतात.

थोडक्यात, हा माळ्याच्या हातचा रोग आहे. रानातल्या आमरींत हे विषाणू क्वचितच सापडतात, बागांमध्ये मुबलक. आणि हात म्हणताना केवळ निष्काळजी हात मनात आणू नयेत. आमरी वाढवणारा माणूस बहुधा उदार असतो. कॅटलियाचा गड्डा मोठा झाला की तो चिरतो आणि अर्धा शेजारी देतो, डेंड्रोबियमच्या कांडीवर फुटलेले पिल्लू बहिणीकडे पाठवतो. आपल्याकडे रोप मागणे आणि देणे याला पैशाच्या व्यवहाराहून वेगळा मान आहे. पण वनस्पतिशास्त्राच्या नजरेने हा फुटवा म्हणजे आईचे मूल नव्हे, तो आईच आहे. एकच शरीर दहा घरांत वाढत असते आणि त्या शरीरातला विषाणू दहाही घरांत जातो. बियांचे तसे नाही. हे दोन्ही विषाणू सहसा बीजातून उतरत नाहीत. म्हणून रोगट झाडाचा वंश बियांवाटे राखता येतो. पण आमरीची धुळीसारखी बारीक बी प्रयोगशाळेतल्या निर्जंतुक बाटलीत रुजवावी लागते, फूल यायला वर्षे जातात, आणि येते ते त्या झाडाचे अपत्य, ते झाड नव्हे.

माणसाला गोवर होऊन जातो तसा वनस्पतीचा विषाणू बहुधा होऊन जात नाही. आपल्यासारखी प्रतिपिंडे तिच्याकडे नाहीत. डागाळलेले पान कापून काही साधत नाही, कारण विषाणू रसवाहिन्यांतून सर्वांगात पोचलेला असतो. अपवाद एकच : वाढत्या कोंबाचे अगदी टोक. तिथे रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, त्यामुळे विषाणू तिथे सहसा पोचत नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी मार्टिन यांच्यासह १९५२ साली डेलियाच्या अशा टोकापासून विषाणूमुक्त रोप मिळवले आणि १९६० साली सिंबिडियमवर तोच प्रयोग यशस्वी केला. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बाटलीतला तो सूक्ष्म गोळा चिरला की प्रत्येक तुकड्यातून नवा गोळा वाढतो. ऊतिसंवर्धनाने आमरींची घाऊक पैदास करता येईल, हे इथून उमगले. एके काळी श्रीमंतांच्या काचघरात असलेले फूल आज वाढदिवसाला देता येते, ते या तंत्रामुळे. पण विषाणू हटवण्यासाठी शोधलेले तंत्र पैदाशीसाठी वापरताना मूळ झाड तपासायचे राहून गेले, तर एका रोगट झाडाची हजारो रोगट रोपे होतात. तसे घडलेही आहे. मला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो.

आता 'असू शकेल'कडे वळू. नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही, हे जाणकारांनीही मान्य करायला हवे. उन्हाचा चटका, कोळी, बुरशी, फॅलेनॉप्सिसच्या पानावर पडलेले गार पाणी, हे सगळे चट्टेच उठवतात. उलट विषाणू असलेले झाड वर्षानुवर्षे तुकतुकीत दिसू शकते. फुलाच्या पाकळीवर रंग तुटून पट्टे उमटले किंवा तपकिरी रेघा पडल्या तर संशय बळावतो, एवढेच. खात्री चाचणीने होते. प्रयोगशाळेत एलायझा करतात. पानाचा तुकडा द्रावणात चुरडून त्यात बुडवायची पट्टीही निघाली आहे. करोनाकाळात आपण घरोघरी पाहिलेल्या पट्टीसारखीच, रेघ उमटते किंवा उमटत नाही. रेघ उमटली तर ती बहुतांशी खरी मानावी. उमटली नाही तर लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नये. लागण ताजी असेल तर विषाणू कमी असतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा पाहावे.

रेघ उमटली, पुढे काय? संग्राहकांचा शिरस्ता निष्ठुर आहे : पिशवीत बांधा, टाका. ज्याच्या गच्चीत पन्नास आमरी आहेत किंवा जो रोपे विकतो, त्याच्याबाबत मला हा शिरस्ता योग्यच वाटतो. पण खिडकीत एकच कुंडी आहे आणि ती आता हयात नसलेल्या कुणी दिलेली आहे, अशा घराला तोच नियम लावणे मला पटत नाही. वाहक कीटक नाही, दुसरी आमरी नाही, तर विषाणू जाणार कुठे? तो माणसाच्या वा जनावराच्या वाटेलाही जात नाही. झाडाची वाढ मंदावेल, फुले लहान येतील. ते पाहवत असेल तर ठेवावे.

जाणूनबुजून रोगट झाडे जपण्याची परंपराही जगात आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या ज्वालारेषांच्या ट्यूलिपांनी लोकांना वेड लावले आणि १६३७ साली ज्यांचा बाजार कोसळला, त्या रेषा विषाणूच्या होत्या. हे इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी १९२८मध्ये दाखवून दिले. तिथल्या वेकफील्डच्या ट्यूलिप मंडळाचे सभासद अशी 'तुटलेल्या' रंगांची फुले आजही वाढवतात आणि दरवर्षी प्रदर्शनात मांडतात. त्यांचे काम आमरी ठेवणाऱ्याहून अवघड, कारण ट्यूलिपच्या विषाणूला मावा वाहून नेतो.

आमरी ठेवायची तर पथ्ये थोडीच, पण ती पाळावीच लागतात. पाते प्रत्येक वेळी गॅसच्या ज्योतीवर लाल करावे, किंवा दाढीचे नवे पाते वापरून टाकून द्यावे. सॅनिटायझरने पुसलेल्या कात्रीवर भिस्त ठेवू नये, अल्कोहोल या विषाणूंवर भरवशाचे नाही. पाण्याची ताटली वेगळी असावी. कुंडी आणि सोडण दुसऱ्या आमरीला वापरू नये. आणि कुंडीवर ठळक अक्षरांत एक चिठ्ठी लावावी, 'फुटवा देऊ नये', म्हणजे आपण गावाला गेलो असताना कुंडीला पाणी घालायला येणाऱ्यालाही ते कळेल.