उत्तर नव्हे, पायरी पाहणारा संगणक-शिक्षक

नोकरीतलं सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण बहुतेकांनी उरकलेलं असतं. व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करायचं, 'नेक्स्ट' दाबत राहायचं, शेवटच्या प्रश्नांत पास झालं की सर्टिफिकेट डाउनलोड करायचं. म्हणून संगणकावरचं प्रशिक्षण म्हणजे हेच, असा समज रुजला आहे. पण कालच रुजू झालेल्याला आणि निवृत्तीला आलेल्याला तीच पानं दाखवणारा कार्यक्रम शिकणाऱ्याप्रमाणे बदलत नसतो. तो फक्त हजेरी घेतो.

शिकणाऱ्याप्रमाणे बदलणारं प्रशिक्षण एआयबरोबर आलं, हाही गैरसमजच. ब्रिटनमध्ये गॉर्डन पास्क यांनी 1956 च्या सुमारास 'साकी' हे यंत्र तयार केलं होतं. ते पंचकार्डांवर आकडे भरणाऱ्या ऑपरेटरना कीबोर्ड शिकवायचं. कोणती कळ दाबायची हे दाखवणारा दिवा असे. हात बसत गेला की दिव्याची मदत कमी होई आणि वेळही कमी मिळे. बोट अडखळलं की यंत्र पुन्हा सबुरीने घेई.

'उत्तर बरोबर, म्हणजे विषय समजला' हा समज मात्र प्रशिक्षण देणाऱ्यांमध्येही आढळतो. तुक्का लागू शकतो, आणि येत असलेली गोष्टही घाईत चुकते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कॉर्बेट आणि अँडरसन यांनी 1990 च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत या दोन्ही शक्यता गणितातच धरलेल्या आहेत. त्यामुळे एका उत्तरावरून निकाल लागत नाही. प्रत्येक कौशल्याबद्दलचा अंदाज प्रत्येक प्रयत्नानंतर सुधारला जातो.

नुसतं उत्तर तपासणं आणि प्रत्येक पायरी तपासणं यांत किती फरक पडतो? कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले. शिक्षकाविना शिकणाऱ्यांच्या तुलनेत, फक्त उत्तर तपासणाऱ्या प्रणालींचा परिणाम सुमारे 0.31 प्रमाण विचलन इतका निघाला, तर पायरी तपासणाऱ्यांचा 0.76. समोर बसून शिकवणाऱ्या माणसाचा होता 0.79. एकट्याला शिकवणारा माणूस यंत्राच्या मैलभर पुढे असतो, ही समजूतही या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग प्रशिक्षकांची गरज संपली का? अमेरिकी हवाई दलासाठी 1980 च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठात घडलेल्या 'शेरलॉक'कडे बघा. एफ-15 विमानांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासणारं चाचणी-केंद्रच बिघडलं, तर दोष कसा शोधायचा, हे ते तंत्रज्ञांना शिकवत असे. असे अवघड बिघाड प्रत्यक्ष कामात क्वचित येतात, त्यामुळे नवख्याचा सराव होणार तरी कसा? शेरलॉक ते बिघाड पडद्यावर हवे तेव्हा उभे करी, शिकणारा कुठे मोजमाप घेतो ते पाही आणि मागितल्यावर बेताचीच सूचना देई. साधारण 20 ते 25 तासांच्या सरावानंतर शिकाऊ तंत्रज्ञ सुमारे चार वर्षं काम केलेल्यांच्या बरोबरीला आल्याचं चाचणीत दिसलं. ते शहाणपण आलं कुठून? मुरलेले तंत्रज्ञ दोष शोधताना आधी काय तपासतात, कशावरून काय वगळतात, हे संशोधकांनी त्यांच्याकडून बारकाईने काढून घेतलं होतं. पुढे अमेरिकी नौदलासाठी 'डिजिटल ट्यूटर' बनवतानाही आधी जाणकारांना एकेका प्रशिक्षणार्थीला शिकवायला बसवलं गेलं आणि त्यांची शिकवण्याची रीत प्रणालीत उतरवली गेली.

'कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून' असं म्हणत विकलं जाणारं सॉफ्टवेअर इथे मोजू नये. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आढावा घेतला, तेव्हा अशा वर्गवारीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही.

हे सारं स्वस्त होतं, असंही समजू नका. पायरीगणिक लक्ष ठेवणाऱ्या पाठाचा एक तास तयार करायला 200 ते 300 तास लागतात, असा या क्षेत्रातला जुना अंदाज आहे. आता तयार साधनांमुळे तो खर्च उतरतो आहे. पण हवाई दलाला जे परवडलं, ते चाळीस माणसांच्या कारखान्याला अजून जड जातं. तिथे मुरलेला फोरमनच हे काम करतो.