ढगाआडचा डोंगर

विमान कोसळल्याची वार्ता वर्तमानपत्रात आली म्हणजे घरातील वडील मंडळी सुस्कारा टाकून म्हणतात, “आयुष्याची दोरी तेवढीच होती!” शोकाच्या प्रसंगी अशा शब्दांनी मनास धीर येतो, हे आम्हास मान्य आहे. परंतु सगळेच लोक एवढा उद्गार काढून स्वस्थ बसले असते, तर आपल्या घरची मुले-नातवंडे आज ज्या निर्धास्तपणे सातासमुद्रापार जातात, ती निर्धास्ती विमानप्रवासास कधीच लाभली नसती. उतारूंच्या विमानांच्या आरंभीच्या दशकांत डोंगर आणि वाईट हवा यांच्या गाठीमुळे जे अनर्थ घडले, त्यांपैकी काही येथे क्रमाने सांगून, त्यांच्या मुळाशी असलेले एकच कारण वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

विमान डोंगरावर आदळले, त्या अर्थी त्याचे यंत्र बिघडले असले पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अशा कित्येक अपघातांत यंत्रे शेवटच्या क्षणापर्यंत उत्तम चालत होती व वैमानिकही निष्णात होते. चूक इतकीच होती की, आपण जेथे आहो असे वैमानिकास वाटत होते, तेथे तो नव्हता. त्या काळी जमिनीवरील नदी, रूळ, गाव यांच्या खुणा पाहून मार्ग ठरवावा आणि खुणा दिसेनाशा झाल्या म्हणजे वेग, दिशा व वेळ यांवरून हिशेब करावा, अशी रीत होती. हा हिशेब वारा बिघडवून टाकी. पूर आलेल्या नदीत प्रवाहाविरुद्ध वल्ही मारणारा नावाडी कितीही जोर करो, काठाच्या मानाने तो थोडाच पुढे सरकतो. विमानाचेही तसेच आहे. ताशी दोनशे मैल वेगाच्या विमानास समोरून पन्नास मैलांचा वारा लागला, तर जमिनीच्या मानाने त्याचा वेग दीडशेच राहतो. नावाड्यास निदान काठ दिसतो. ढगात शिरलेल्या वैमानिकास तोही दिसत नाही. उंचीमापकाचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. पुढे डोंगर उभा आहे, हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे असते.

पहिली हकीकत ऑस्ट्रेलियातील आहे. 25 ऑक्टोबर 1938 रोजी ‘कायीमा’ नावाचे डी. सी. 2 जातीचे विमान ॲडलेडहून मेलबर्नकडे निघाले. त्यात उतारू व कर्मचारी मिळून 18 माणसे होती. मेलबर्नच्या आसमंतात ढग खाली उतरले होते. ढगांतील फटीतून एक गाव दिसले, ते वैमानिकांनी अलीकडचे दुसरेच गाव समजले, असा पुढे निष्कर्ष निघाला. म्हणजे त्यांच्या समजुतीपेक्षा विमान पुष्कळ पुढे आले होते. शहर केव्हाच ओलांडून ते पूर्वेकडील डॅन्डेनाँगच्या डोंगरावर आदळले व कोणीही वाचले नाही. हा डोंगर अवघा दोन हजार फुटांच्या आसपास उंचीचा आहे. ढगात वैमानिकास वाट दाखविणारी बिनतारी दीपस्तंभाची यंत्रे सरकारने विकत आणून ठेविली होती. पण ती अद्याप चालू झाली नव्हती! चौकशीनंतर ही दिरंगाई तर चव्हाट्यावर आलीच, शिवाय एक नवी व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक विमानाचा प्रवास जमिनीवर बसून पडताळून पाहणारे अधिकारी नेमण्यात आले. वैमानिकाचा हिशेब तपासणारा दुसरा माणूस असावा, ही साधी गोष्ट. पण ती समजण्यास 18 जीव खर्ची पडले.

याहून विलक्षण हकीकत दक्षिण अमेरिकेतील आहे. 2 ऑगस्ट 1947 रोजी ‘स्टार डस्ट’ हे ब्रिटिश विमान 11 माणसे घेऊन ब्यूनॉस आयर्सहून चिलीच्या सान्तियागो शहराकडे चालले होते. मध्ये अँडीजची प्रचंड रांग व तिच्यावर ढगांचे आच्छादन. ढगांच्या वरून जावे म्हणून वैमानिक 24,000 फुटांपर्यंत चढला. सायंकाळी 5 वाजून 41 मिनिटांनी त्याचा बिनतारी संदेश आला की, 5.45 ला पोहोचतो. त्याच्या शेवटी ‘स्टेंडेक’ असा एक शब्द होता. त्याचा निर्विवाद अर्थ आजतागायत लागलेला नाही. त्यानंतर विमान जणू आकाशात विरघळून गेले. तर्कांना ऊत आला. कोणी घातपात म्हटला, कोणी तर परग्रहावरील प्राण्यांपर्यंत मजल मारली. अखेर 1998 साली तुपुनगातो शिखराच्या हिमनदीवर दोन गिर्यारोहकांस विमानाचे अवशेष आढळले व 2000 साली अर्जेंटिनाच्या सैन्याच्या तुकडीने जाऊन त्यांची पाहणी केली. ती जागा सान्तियागोपासून सुमारे पन्नास मैलांवर होती.

उलगडा असा झाला. अति उंचीवर पश्चिमेकडून प्रचंड वेगाने वाहणारे वारे असतात. त्यांस आज ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. 1947 साली वैमानिकांस त्यांची फारशी माहिती नव्हती. ढगांच्या वर येऊन हे विमान त्या प्रवाहाच्या तोंडीच सापडले असावे. जमिनीच्या मानाने त्याचा वेग मंदावला, पण हिशेबात तो पूर्वीचाच राहिला. डोंगर मागे पडला असे समजून वैमानिक खाली उतरू लागला, तेव्हा डोंगर अजून समोरच होता. अर्जेंटिनाच्या चौकशीने 2000 साली त्यास दोषमुक्त केले. 53 वर्षांनी का होईना, एका मृत माणसाच्या नावावरील डाग पुसला गेला.

आता आपल्या घराजवळची दुःखे. 3 नोव्हेंबर 1950 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला जाताना, जिनिव्हा जवळ आले असता, वादळी हवेत मों ब्लां पर्वताच्या माथ्याखाली आदळले. आतील 48 माणसांपैकी एकही वाचले नाही. उतारू बहुतेक खलाशी होते. इंग्लंडात जहाजावर रुजू होण्यास ते निघाले होते. त्यांच्या शोधास बर्फात गेलेला शामोनीचा वाटाड्या रेने पायो हाही प्राणास मुकला. पुढे 24 जानेवारी 1966 रोजी त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच ठिकाणी, एअर इंडियाचेच ‘कांचनगंगा’ हे बोइंग विमान आदळून 117 माणसे मृत्यू पावली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. या अपघाताविषयीही घातपाताच्या वदंता पुष्कळ उठल्या. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष निराळा होता. विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होते. जमिनीवरील अधिकाऱ्याने पर्वत अजून पाच मैल पुढे असल्याचे कळविले. परंतु आपण पर्वत ओलांडला, अशी वैमानिकाची समजूत झाली. भाभांचे स्मरण दरवर्षी होते व ते योग्यच आहे. त्या खलाशांचे मात्र क्वचितच कोणी नाव काढते.

या दोहोंच्या दरम्यान आपल्या सह्याद्रीनेही एक बळी घेतला. 1962 च्या जुलैत, 6 व 7 तारखांच्या मधल्या रात्री, आलिटालिया कंपनीचे डी. सी. 8 विमान बँकॉककडून मुंबईस येत होते. आषाढातील रात्र, खाली काळोख आणि ढग. आपण मुंबईच्या पुष्कळ जवळ आलो, असे समजून वैमानिकाने विमान वेळेआधीच खाली उतरविण्यास आरंभ केला आणि जुन्नर परिसरातील डोंगरावर ते आदळून 94 माणसांचा अंत झाला. पावसाळ्यात माळशेज घाट चढताना चार हातांवरचे वळण दिसेनासे होते, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. तेथे गाडी निदान थांबविता येते.

या साऱ्या हकीकतींत देश निराळे, विमाने निराळी, चूक मात्र एकच: स्वतःच्या ठिकाणाविषयीची खोटी खात्री. तेव्हा माणसाच्या खात्रीवर अवलंबून न राहणारा एखादा पहारेकरी विमानात असावा, या विचाराने डॉन बेटमन या अभियंत्याने जमीन जवळ येताच वैमानिकास सावध करणारे यंत्र सिद्ध केले. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनियातील डोंगरावर एक विमान आदळून 92 माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या उतारू विमानांस असे यंत्र सक्तीचे झाले. जुने यंत्र केवळ खालची जमीन ओळखी. समोरचा उभा कडा त्यास वेळेवर कळत नसे. सबब 1990 नंतरच्या दशकात त्यास जगातील डोंगरांचा नकाशाच जोडण्यात आला. आता ढगाआडचा डोंगर वैमानिकास पडद्यावर आधीच दिसतो आणि तरीही तो पुढे गेला, तर यंत्र मोठ्याने बजावते, “वर चला!” असे अपघात अजिबात बंद झाले, असे नाही, परंतु ते फार विरळ झाले आहेत.

गेलेल्यांस आपण तर्पण करतो. विमानविद्येच्या क्षेत्रातील तर्पण म्हणजे कसून केलेली चौकशी, असे आम्हास वाटते. कोणास सुळावर द्यावे एवढेच पाहणारी चौकशी निरुपयोगी. चूक कशी झाली व पुन्हा कशी होणार नाही, हे सांगणारी चौकशी पुढच्यांचे प्राण वाचविते. आपण घरी बसून तिला हातभार लावू शकत नाही, हे खरे. परंतु एक गोष्ट आपल्या हाती आहे. हवा खराब म्हणून विमान सुटण्यास चार तास उशीर झाला, किंवा मुंबईस न उतरता ते दुसऱ्या गावी नेले, तर घरातील मंडळींनी त्रागा करू नये. वैमानिकास ज्या गोष्टीची खात्री नाही, तिच्यावर भरवसा ठेवण्याचे त्याने नाकारले, एवढाच त्याचा अर्थ. जेवणाची ताटे थोडी उशिरा वाढावी लागतील, इतकेच.