एका कारखान्याची दोन नावे

आदिलाबादहून उटनूरकडे निघाले की वाटेत इंद्रवेल्ली लागते. जवळच केसलापूर, जेथे पौष अमावास्येला गोंडांच्या नागोबाची जत्रा भरते. इंद्रवेल्लीच्या बाजारात गोंडी, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा सुखाने नांदतात. माझे आजोळ तेथलेच. परवा गेलो असता धाकट्या मामींच्या माळ्यावर जुना टेलिव्हिजन धूळ खात पडलेला दिसला, आणि 1999 सालचा उन्हाळा आठवला.

दोन्ही मामांची घरे भिंतीला भिंत लागून. मोठ्या मामांनी नामांकित रंगीत संच आणला होता. धाकट्या मामांची ऐपत तेवढी नव्हती. त्यांनी दीड-दोन हजारांनी स्वस्त असा, कमी परिचित नावाचा संच घेतला. मोठ्या घरी त्याला थट्टेने ‘नकली’ म्हणत. धाकटे मामा हसून सोडून देत. मामींना मात्र ते लागे. कोणी पाहुणे आले की त्या संचावर भरतकामाचा रुमाल टाकीत, आणि त्याची एक कड बरोबर नावावरून खाली येई.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मोठ्या मामांचा संच बंद पडला. आदिलाबादहून कारागीर आला. आतला एक भाग जळाला होता. तो ताडून पाहण्यासाठी त्याने शेजारचा संच उघडायला मागितला. पाठीमागचे झाकण निघाले, आणि पाहतो तो काय, तीच पिक्चर ट्यूब, तेच किट, किटावर छापलेला क्रमांकही तोच! कारागीर सहज म्हणाला, ‘‘दोन्ही एकाच कारखान्याचे. डबा तेवढा वेगळा.’’ मोठे मामा काहीच बोलले नाहीत.

या व्यवहारात फसवणूक होती असे मात्र नव्हे. संचाचा खरा खर्च ट्यूब आणि किट यांत असतो, आणि ते जितके अधिक बनवावे तितके स्वस्त पडतात. पण मोठ्या नावाची किंमत उतरवली तर त्याचा तोरा जातो. न उतरवावी तर बेताच्या ऐपतीचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात शिरते. म्हणून तोच माल थोड्या फरकाने दुसऱ्या नावाने विकायचा. बाजारातले दोन प्रतिस्पर्धी दुकानदारही मग एकाच कारखान्याला राखता येतात. इंग्लंडात थॉर्न कंपनी फर्ग्युसन, मार्कोनीफोन आणि अल्ट्रा अशा निरनिराळ्या नावांनी संच विकीत असे. अमेरिकेत सीअर्सच्या दुकानांतले ‘सिल्व्हरटोन’ संच मुळी दुसऱ्यांच्याच कारखान्यांत तयार होत.

आपल्याकडे प्रारंभी नावावरून घराणे कळे. हैदराबादचा ‘ईसी’ म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या, 1967 साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा. केल्ट्रॉन केरळचा, अपट्रॉन उत्तर प्रदेशचा. पुढे ती ओळख पुसट झाली. औरंगाबादेजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगावी, धूत घराण्याच्या व्हिडिओकॉनचा कारखाना होता. त्याच घराण्याने सान्सुई, अकाई, केनस्टार ही नावेही चालविली. यांतले सान्सुई मूळचे जपानी, ध्वनिवर्धकांसाठी नावाजलेले. दत्तक आलेला मुलगा घरचे आडनाव लावतो. येथे दत्तक नावच घरच्या मालाला लावले गेले. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कज्जात सापडली, पण सान्सुई हे नाव बाजारात उरले. नावाचे आयुष्य असे कारखान्याहूनही मोठे असते!

कारखानदाराच्या दृष्टीने हा निव्वळ हिशेब. पण एकाच पोटची ती भावंडे शेजारशेजारच्या दोन घरांत गेली, की त्यांतले एक थोरले ठरते, एक धाकटे. आणि त्या फरकाचे मोल कोणा मामींना रुमालाआड लपवावे लागते.

मोठ्या मामांच्या संचाला लागणारा भाग नांदेडहून यायचा होता. तो येण्यापूर्वीच 8 जून उजाडला. त्या दिवशी मँचेस्टरला विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता. दुपारी मोठे मामा आपली खुर्ची स्वतःच उचलून धाकट्यांच्या ओसरीवर आले. दारातच थबकून मामींना म्हणाले, ‘‘वहिनी, आमच्यापुरती जागा आहे ना?’’ धाकट्या भावजयीला त्यांनी ‘वहिनी’ म्हटलेले मी त्या दिवशी प्रथमच ऐकले.

मामींनी पदर सावरला, पुढे झाल्या आणि संचावरचा रुमाल काढून घेतला. सामना भारताने जिंकला. तो रुमाल पुन्हा त्या संचावर मी कधी पाहिला नाही.