मुरबाडची अक्षरं किती?

वेबसाइटच्या फॉर्ममध्ये ‘मुरबाड’ टाइप केलं, की माणसाला चार अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टची ‘लेंथ’ मात्र ठामपणे ६ सांगते. उकार आणि काना तिच्या लेखी स्वतंत्र. म्हणूनच पहिलं अक्षर मागितलं, तर ‘मु’ऐवजी नुसता ‘म’ हाती येतो.

उपाय ब्राउझरमध्येच आहे: ‘इंटल.सेगमेंटर’. क्रोममध्ये तो २०२० साली आला, फायरफॉक्सने २०२४ उजाडू दिलं.

खरी परीक्षा मुरबाड तालुक्यातल्या, यात्रेसाठी प्रसिद्ध म्हसा गावाची. युनिकोडच्या आधीच्या सर्वसाधारण नियमांत ‘म्ह’ हे जोडाक्षर ‘म्’ आणि ‘ह’ असं फुटायचं, २०२३च्या १५.१ आवृत्तीने ते सांधलं. एवढ्याशा कामाला एवढी वर्षं!

डेटाबेसची मर्यादा बाइटमध्ये असेल, तर हिशेब आणखी निराळा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘मुरबाड’ला लागतात १८.